साडेपाच कट्टैचा पंप

कीर्तनाने आयुष्यातला पहिला षड्ज लावला तो देवघरात नाही की आजीच्या मांडीवर बसून नाही. माशांच्या पेटीला नाक चिकटवून, हातात चकलीसारखा अर्धा मुरुक्कु धरून तिने "साऽऽ" लावला आणि थांबायचं नावच घेईना.

स्वयंपाकघरात सांबार ढवळणाऱ्या सुप्रभाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चार वर्षांची पोर, बोलते अर्धं तमिळ, अर्धं स्वतःचंच काहीतरी; पण सूर बघा कसा सुतासारखा सरळ! कौतुक ऐकायला ती पळी हातात घेऊनच हॉलमध्ये आली. कनकलताबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, सतरंजीवर ताठ बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड आंबलेलं ताक प्यायल्यासारखं झालं होतं.

"सुप्रभे, कोणाकडनं शिकली गे ही हे?"

"तुमच्याकडनंच की, आत्याबाई. रोज गाण्याची शिकवणी ऐकते ना दारात बसून."

"माझ्याकडनं? माझा सा पाच कट्टैचा. सगळ्या तंजावूरला ठाऊक आहे." त्यांनी एकच सूर धरून राहणारी श्रुतिपेटी सुरू केली. "ऐक. पाचाच्या वर आहे, साडेपाचाच्या खाली आहे. मधेच लटकलाय मेला!"

बाजाच्या पेटीची जितक्या नंबराची पट्टी, तितक्या कट्टैचा गळा, हे या घरात पाळण्यातल्या बाळालाही माहीत. सुप्रभाने कान दिला. श्रुतिपेटी एक बोलत होती, कीर्तना दुसरंच. आणि कीर्तनाच्या बरोबरीने, तिच्याच सुरात, जमिनीखालून आणखी कोणीतरी घुमत होतं.

"कळलं?" कनकलताबाई म्हणाल्या. "तुझा पंप माझ्या नातीचा गुरू झालाय."

मासे सुप्रभाचे होते. पोर झाल्यावर कॉलेजातली नोकरी सुटली. दिवसभर दुसऱ्यांच्या पोटाचं बघताना आपलं म्हणून एक काहीतरी हवं, म्हणून तिने ही पेटी मांडली. पेटी हॉलमध्ये, आणि गाळणीची टाकी खाली तळघरात, जिथे पूर्वी तिरुवैयारूच्या शेताचं भात साठवत. पेटीतलं पाणी आपोआप खाली उतरायचं, गाळून निघायचं आणि पंप ते परत वर ढकलायचा. खटपट सगळी खाली, वर नुसती शोभा, अशी तिची अक्कल.

पहिला पंप तिने खोक्यावरचा आकडा बघून आणला होता. तासाला एवढे लिटर म्हणजे एवढे लिटर, असं तिला वाटलं. तो आकडा पाणी आडवं वाहण्याचा आहे, जिना चढण्याचा नाही, हे नळीच्या तोंडाशी करंगळीएवढी धार बघून कळलं. दुसरा आणला दांडगा. त्याने पाणी चढवलं, आणि पाण्याबरोबर आपला आवाजही. पंपाखाली तिने कीर्तनाच्या जुन्या दुपट्याची चौघडी घातली, नळीला सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. घुमणं जरा मऊ झालं, सूर मात्र तोच.

"विजयादशमीला नव्या मुली बसतील शिकायला," कनकलताबाईंनी निकाल दिला. "त्याच्या आत हा गप्प तरी व्हायचा, नाहीतर सुरात तरी यायचा. नसेल जमत, तर मासे चिदंबरकडे."

चिदंबर म्हणजे त्यांचे तिरुवैयारूचे भाऊ. माणूस देवासारखा, पण त्यांच्या घरी मांजरं पाच.

सुप्रभाचा नवरा हरिप्रसाद या सगळ्यात कुठे होता? दोन बायकांमध्ये पडायचं नाही, हे तो लग्नाच्या आठवड्यातच शिकला होता. त्याने फक्त गाडीत पेट्रोल भरून ठेवलं.

रामस्वामीच्या शोभेच्या माशांच्या दुकानात सासू-सुना शिरल्या तेव्हा सासूच्या काखेत श्रुतिपेटी होती आणि सुनेच्या हातात सुतळी. तळघराच्या टाकीपासून हॉलमधल्या पेटीच्या काठापर्यंतची उंची मोजून सुप्रभाने सुतळीला गाठ मारली होती.

"कितीचा दाखवू, मामी? भारी का साधा?" रामस्वामीने विचारलं.

"गाऊन दाखव," कनकलताबाई म्हणाल्या.

इथे वीणा विकत घेताना माणसं अर्धा दिवस दुकानदाराचं डोकं खातात; तसंच झालं. रामस्वामीने बादलीत एक पंप सोडला. कनकलताबाईंनी डोळे मिटले, मान हलवली. दुसरा सोडला, तिसरा सोडला. लहान बारीक गायचा, मोठा दणकून, पण सूर सगळ्यांचा तोच, मधेच लटकलेला.

"सगळे एकाच गुरूचे चेले दिसतात रे!"

"सगळ्यांना वीज बोर्डाचाच करंट ना, मामी, घुमणार त्याच्याच ठेक्यावर," रामस्वामीने हात वर केले. मग काही सुचून त्याने मागच्या फळीवरचं खोकं काढलं. "हा मात्र वेगळा. याला बटण आहे. फिरवाल तसा हळू, फिरवाल तसा जोरात."

बटण कनकलताबाईंनीच हातात घेतलं. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसं केसभर फिरवलं, थांबल्या, पुन्हा केसभर. बादलीतला पंप कण्हत कण्हत खाली आला आणि श्रुतिपेटीत विरघळून गेला. कुठे पेटी संपते, कुठे पंप सुरू होतो, कळेना.

"अय्यो," त्या हळूच म्हणाल्या. "पाच. चोख पाच."

आता उंची. दुकानाच्या वर रामस्वामीचं घर, त्याला गच्ची. सुप्रभा पारदर्शक नळीचं टोक घेऊन वर गेली, सुतळी खाली सोडली आणि बादलीपासून माप धरून नळीचं टोक गाठीशी ठेवलं. पाणी नळीतून चढत आलं आणि गाठीच्या वीतभर खाली थबकलं. आत न येता शेजारीण दारातूनच बोलते ना, तसं.

"येतंय का गे?" खालून हाक आली.

"नाही, आत्याबाई! जरा वाढवा!"

सूर चढला, पाणी चढलं. गाठ ओलांडून भसकन बाहेर आलं आणि गच्चीखाली उभ्या स्कूटरला आंघोळ घातली.

"आता?"

"येतंय! कितीवर आहे?"

खाली कनकलताबाईंनी श्रुतिपेटी पंपाशी जुळवून बघितली. मग उत्तर आलं, ते बारीक आवाजात. "साडेपाच."

सूर चोख होता. पण कनकलताबाईंनी साडेपाच कट्टै सोडून तीस वर्षं झाली होती. पाचात गळा तुपासारखा चालायचा. साडेपाचात वरचा षड्ज म्हणजे गुडघे दुखत असताना देवळाचं गोपूर चढणं.

सुप्रभाच्या डोळ्यांपुढे चिदंबरमामांची पाचही मांजरं ओळीने बसली. ती जिना उतरून आली, नळी गुंडाळली आणि अगदी सालस चेहऱ्याने म्हणाली, "राहू दे, आत्याबाई. मासे देऊन टाकू. आता या वयात साडेपाच कुठलं झेपायला तुम्हाला? उगीच मुलींसमोर..."

"उगीच काय?"

"काही नाही. घसा बसायचा."

रामस्वामी चटकन पाठ फिरवून माशांना खाणं टाकू लागला.

कनकलताबाईंनी सुनेकडे बघितलं. मग पंपाकडे. "बांध रे तो," त्या म्हणाल्या.

विजयादशमीच्या सकाळी नव्या मुली परकर सावरत सतरंजीवर बसल्या. कनकलताबाईंनी श्रुतिपेटी बंद केली. खालून पंप घुमत होता. त्यांनी त्यात सूर मिसळला आणि सरळी, म्हणजे सुरांचा पहिला धडा, म्हणायला सुरुवात केली. दाराआड सुप्रभा कान देऊन उभी. मध्यमापर्यंत ठीक, पंचम ठीक, निषादाला आवाज किंचित कापला. वरचा सा आला. थरथरला, सावरला आणि उभा राहिला. मुली गुपचूप एकमेकींकडे बघू लागल्या.

माशांच्या पेटीला नाक लावून कीर्तना उभी होती. तिनेही लावला. "साऽऽ." या वेळी बरोबर आजीच्या शेजारी, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

शिकवणी संपल्यावर सुप्रभा गरम पाणी घेऊन गेली. कनकलताबाईंनी घोटभर घेतलं, नातीला मांडीवर ओढलं.

"दुकानात मला डिवचलंस ते कळलं नाही असं समजू नकोस."

"मग पंप का घेतलात?"

"तीस वर्षांत साडेपाच लावायला कोणी सांगितलंच नव्हतं." त्यांनी पेला परत दिला. "आणि हे बघ, चिदंबरला फोन कर. मासे मिळणार नाहीत म्हणावं. पण गाणं ऐकायला ये. वरच्या सुरातलं."