स्टाइनवीकला गेलेली उजवी चप्पल

मित्रांनो, कोल्हापुरात शिवाजी पेठेच्या एका बोळात, दारामागच्या खिळ्याला चपलांचा एक जुना जोड लटकतो. त्यातली उजवी ती मी. डावी शेजारीच आहे, पण तिच्याकडे फार लक्ष देऊ नका. चालताना ती मुकी, आणि मी गोष्ट सांगायला लागले की मात्र हिला कंठ फुटतो.

आम्हांला बायडाबाईंनी घडवलं. वीस वर्षं त्या दुसऱ्याच्या कारखान्यात चपलांच्या वेण्या घालायला जात. नखाएवढ्या रुंदीच्या कातड्याच्या पट्ट्या, आणि त्यांची अशी बारीक वेणी की पोरीबाळींनी आपल्या केसांची लाज धरावी. पण तळापासून टोकापर्यंत सगळा जोड एकटीनं केला तो पहिल्यांदा आमचाच, आपल्या मुलासाठी, प्रसेनजीतसाठी. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवलेलं. खिळा एकही नाही, सगळी शिवण कातड्याच्या वादीची. माझ्या तळाच्या दोन थरांमध्ये त्यांनी कातड्याचा एक वाकडा तुकडा बसवला, म्हणजे पाऊल पडलं की मी 'कर्र' म्हणणार.

"आई, दोन्हीत घाल की," प्रसेनजीत म्हणाला.

"एकीत बास. दोघी बोलाय लागल्या की भांडणं हुत्यात," बायडाबाई म्हणाल्या. "पोरगं घरात आलं का न्हाय, एवढं चुलीपुढनं कळलं म्हंजे झालं."

प्रसेनजीत फिटर. आधी इथल्या फौंड्रीत, मग जहाजाच्या इंजिनखोलीत, आणि जहाजावरच्या ओळखीनं थेट स्टाइनवीकला. स्टाइनवीक कुठं? नकाशात वर जा. अजून वर जा. जिथं नकाशा संपून भिंतीचा चुना लागतो, तिथं. दगडी कोळशाच्या खाणीचं गाव. आम्ही दोघी त्याच्या पेटीत, चटणीच्या डब्याला टेकून गेलो.

तिथली थंडी काय सांगू! किटलीतून चहा ओतला की कपात पोहोचेपर्यंत त्याची कांडी व्हायची, आणि माणसं ती कांडी चोखत कामावर जायची. सूर्य तर चार महिने रजा टाकून बसलेला. एकदा पांढरं अस्वल दारात आलं. मी नुसतं 'कर्र' केलं, तर ते दोन पायांवर उभं राहून म्हणालं, "चुकलं पावणं, घर चुकलं."

"गप की गं," डावी म्हणते. "अस्वल तू भिंतीवरच्या चित्रात बघितलंस."

बरं, असेल चित्रातलं. पण सूर्याचं खरं आहे, आणि गावाची हकिकतही खरी आहे. ती मला आर्विडकडून कळली. आर्विड म्हणजे प्रसेनजीतचा दोस्त, सदुसष्ट वर्षांचा खाणकामगार. त्याचा आजा त्या गावात कोळसा खणायला आला होता. कुणा एका शिकाऱ्याला म्हणे समुद्राकाठी काळे दगड सापडले. त्यानं चुलीत घातले, तर ते लाकडापेक्षा चांगले जळले. मागोमाग कंपनी आली, बोटी आल्या, माणसं आली. घरं लाकडी खांबांवर उचलून बांधली, कारण जमीन म्हणजे बर्फाची लादी; चुलीच्या उबेनं ती वितळली तर घर खचणार. डोंगरातून धक्क्यापर्यंत तारा ओढल्या आणि तारांना बादल्या टांगल्या. कोळसा डोक्यावरून झुलत जायचा. शाळा झाली, दुकान झालं, फुटबॉलचे दोन संघ झाले, आणि त्यांच्यात पेठेत व्हावीत तशीच भांडणं झाली. युद्धात गाव जळालं. लोकांनी परत बांधलं. मग बाहेरच्या जगात कोळशाची गरज सरत चालली आणि एकेका खाणीला कुलूप लागलं. आम्ही गेलो तेव्हा एक खाण आणि चाळीस माणसं उरली होती, आणि तीही खाण उन्हाळ्यात बंद होणार होती.

तिथली एक रीत मला फार आवडली. कोळशाची धूळ आत येऊ नये म्हणून माणसं दारातच बूट काढतात. घरात तर काढतातच, दुकानात आणि दवाखान्यातही काढतात. आत नुसते मोजे, नाहीतर घरातली चप्पल. त्यामुळे जेवणघराच्या फळीवर लोकरीच्या सपातांच्या रांगेत आम्ही दोघी कोल्हापूरच्या! सगळे आम्हांला हातात घेऊन बघायचे. आर्विड तर रोज जेवण झालं की मला आणि डावीला पायात घालून शेगडीभोवती फेऱ्या मारायचा. पाय असा रुंद की माझा अंगठा ताणून सैल झाला. तो चालायचा, मी वाजायचे, लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटे, या गावात माझ्यासारखा गळा कुणाचा नाही.

दुसरी रीत पाटीची. आर्विडच्या आज्याच्या काळात एक माणूस खाणीतून वर आला आणि जेवणघराच्या वाटेवर हिमवादळात हरवला. सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून जेवणघरात एक काळी पाटी टांगलेली असते. तिच्यावर सगळ्यांची नावं खडूनं लिहायची. ज्याचं ताट स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर गेलं त्याचं नाव पुसायचं. पाच वाजता जेवण. सहा वाजेपर्यंत एक जरी नाव राहिलं, तर घंटा वाजवायची आणि सगळ्या गावानं कंदील घेऊन बाहेर पडायचं. पाटी सांभाळायची सिग्रीड मावशीनं, ती तिथली आचारीण. चाळीस माणसांचा रस्सा ढवळताना तिला मान वर करायला फुरसत नसे. पण प्रसेनजीतचं नाव पुसायला तिला बघावं लागायचंच नाही. माझा आवाज आला की खिडकीच्या आतून ती ओरडे, "आलास का रे पोरा?"

मित्रांनो, इथवर मी थापा मिसळल्या. इथून पुढं मिसळवत नाहीत.

शनिवार होता. शनिवारी सिग्रीड मावशी बायडाबाईंच्या कांदा-लसूण चटणीचा लाल रस्सा करायची, माणशी एक वाडगा. आर्विड त्या रश्श्यासाठी आठवडाभर दिवस मोजायचा. त्या संध्याकाळी त्याचा वाडगा संपला तरी जीभ थांबेना. प्रसेनजीत आला नव्हता. खाणीतून निघताना दारावर लावायचा त्याचा बिल्ला जागेवर लटकलेला आर्विडनं स्वतः बघितला होता. म्हणजे माणूस खाणीतून बाहेर आला हे नक्की.

"प्रसेन दमून खोलीत झोपला असणार," आर्विड शेजारच्याला म्हणाला. "त्याचा रस्सा तसाच गार होणार. पाप आहे ते."

"मावशी तुला दुसरा वाडगा देणार नाही."

"मला कुठं हवाय? प्रसेनजीतला हवाय."

असं म्हणून त्यानं डोळा मारला, आम्हांला फळीवरून काढून पायात घातलं आणि खिडकीकडं निघाला. लोक तोंडावर हात धरून हसायला लागले. डावी म्हणाली, "वाजू नगंस." मी काय करावं? मी त्या दिवशी वाजले तशी आयुष्यात वाजले नव्हते. कर्र, कर्र, कर्र!

"आलास का रे पोरा? हात धुतलेस?" आतून आवाज आला.

"हं," आर्विड घशातल्या घशात म्हणाला.

वाफेनं धुरकटलेल्या खिडकीतून वाडगा बाहेर आला. मागोमाग सिग्रीड मावशीनं ओल्या फडक्यानं पाटीवरचं शेवटचं नाव पुसलं.

प्रसेनजीत खोलीत नव्हता. बिल्ला लावून तो बसकडं निघाला, तेव्हा कोळसा वाहून नेणारा पट्टा कुठंतरी घासतोय असा आवाज त्याला आला. फिटरचा कान तो. पाच मिनिटांत बघून येऊ म्हणून तो पट्ट्याच्या बोगद्यात शिरला. बोगदा डोंगराच्या बाहेर, पत्र्याचा, उघड्या वाऱ्यात. मागं दार आपटलं आणि बाहेरची कडी पडून गोठली. आतल्या फुटक्या नळीच्या पाण्यात त्याचा उजवा बूट भिजला. वायरलेसची बॅटरी गारठून मेली. तो त्याच ओल्या पायानं दारावर लाथा मारत राहिला. घाबरला नाही, हे त्यानं नंतर सांगितलं. त्याला ठाऊक होतं, सहा वाजले की पाटी बोलेल. घंटा होईल, माणसं येतील.

सहा वाजले. पाटी कोरी होती.

आठाच्या सुमारास सिग्रीड मावशी दारातली फरशी पुसत होती. तिनं बुटांची रांग बघितली आणि हातातलं फडकं तसंच धरून विचारलं, "प्रसेनजीतचे बूट कुठं आहेत?"

आर्विड शेगडीजवळ बसला होता, आम्ही अजून त्याच्या पायांत होतो. तो तसाच उठून उभा राहिला.

"ताट मी खाल्लं," तो म्हणाला. "तो आलाच नव्हता."

घंटा झाली. सगळं गाव धावलं. अर्ध्या तासात प्रसेनजीत सापडला, जिवंत. पण उजव्या पायाचा अंगठा हिमदंशानं काळा पडला होता. विमानानं मोठ्या गावी नेऊन डॉक्टरांनी तो काढला. मित्रांनो, कोल्हापुरी चप्पल पायात थांबते ती अंगठ्याच्या जोरावर. ज्या अंगठ्याला मी धरायचं, तोच माझ्यामुळं गेला.

प्रसेनजीत गावात परत आल्यावर आर्विडनं खडू घेतला आणि पाटीवर स्वतःच्या हातानं प्रसेनजीतचं नाव लिहिलं. खाण बंद होईपर्यंत ते कुणाला पुसू दिलं नाही. प्रसेनजीतनं साहेबांना सांगितलं, चूक माझीच, न सांगता गेलो. आर्विडचं नाव घेतलं नाही. पण त्याच्याशी तो बोललाही नाही.

उन्हाळ्यात आम्ही कोल्हापूरला आलो. आईनं पाय बघून तोंडाला पदर लावला, तेव्हा प्रसेनजीत म्हणाला, "अस्वल आलतं. तेवढाच घास मिळाला त्याला." बोळातली पोरं ती गोष्ट रोज ऐकायला यायची. अस्वल दर आठवड्याला वीतभर वाढायचं. मी खिळ्यावरून ऐकायचे. थापा म्हणजे माझा जीव की प्राण, पण ही थाप मला सोसायची नाही. तो ती कुणासाठी मारतोय हे मला कळत होतं. माझ्या पोटातला तो तुकडा बायडाबाईंनी घातला होता ना!

मग एका दुपारी बायडाबाईंनी तेल लावायला मला खाली काढलं. कातड्यावरून अंगठा फिरवता फिरवता त्या थांबल्या. मला उजेडात धरलं. परत अंगठा फिरवला.

"प्रसेन, ह्यो पाय कुणाचा?"

"माझाच की."

"मला शिकवतोस व्हय? टाच भाईरनं दाबलीया. अंगठा ताणून सैल केलाय. जड माणूस हाय, म्हातारा हाय, डाव्या गुडघ्यात दुखतंय म्हणून उजवीवर भार टाकतोय."

प्रसेनजीतनं मला परत घ्यायला हात पुढं केला.

"का रं, अस्वल चप्पल घालतं व्हय?"

तो आधी हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मग सगळं सांगितलं. रस्सा, पाटी, बोगदा, लाथा. बायडाबाई मला मांडीवर धरून ऐकत होत्या.

"आवाज मी घातला हुता," त्या म्हणाल्या.

"तुझा काय दोष, आई?"

"मग त्या म्हाताऱ्याचा?"

प्रसेनजीतनं खिशातला फोन काढून पालथा ठेवला.

"फोन करतोय का त्यो?"

"रोज करतोय. मी उचलत न्हाय."

"लाव."

"आई, नको."

"लाव म्हणतोय न्हवं मी!"

फोन लागला. पडद्यावर आर्विड आला, वाळलेला, दाढी वाढलेली. प्रसेनजीतला बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. बायडाबाईंनी त्याला नीट न्याहाळलं.

"त्याला विच्यार, त्या दिवशी रस्सा कसा झालता?"

प्रसेनजीतनं खाली मान घालून विचारलं. पलीकडून उत्तर आलं. प्रसेनजीत म्हणाला, "त्यो म्हणतोय, त्या दिसापास्नं लाल काय खाल्लंच न्हाय."

"मग खा म्हणावं. उपाशी राहून पोराचा अंगठा उगवतोय व्हय? चटणी धाडूया म्हणावं. आणि परत कुणाच्या ताटाला हात लावलास, तर तिथं येऊन टाळकं फोडीन म्हणावं."

प्रसेनजीतनं हे सगळं कसंबसं त्या भाषेत सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना त्याचा आवाज मोकळा झाला. पडद्यावर म्हातारा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. मग प्रसेनजीत फोन घेऊन ओट्यावर गेला आणि संध्याकाळपर्यंत दोघं बोलत बसले.

बायडाबाईंनी इकडं दोन कागद घेतले. एकावर प्रसेनजीतचा उजवा पाय ठेवून रेघ मारली. त्याच्यासाठी आता अंगठ्याशिवायचा जोड होणार, पावलावरून रुंद पट्टा आणि टाचेमागं बक्कल. दुसऱ्या कागदावर त्यांनी मला ठेवलं आणि माझ्या कातड्यात उमटलेल्या परक्या ठशावरून बोट फिरवत आर्विडच्या पायाचं माप काढलं, चटणीबरोबर धाडायच्या जोडासाठी. मग मला पुसलं, तेल लावलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं. मी वाट बघत होते, मला फाडतील, चुलीत घालतील, निदान चार शब्द बोलतील. कुणी काही बोललं नाही. त्यांनी एकमेकांना माफ केलं, मला माफी द्यायची असते हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. चपलेला कोण विचारतं?

म्हणून तुम्हांला सांगते. मित्रांनो, चपलांना तेल लावा, उन्हात टाकू नका, भिजल्या तर सावलीत वाळवा. पण एवढ्यानं काळजी घेऊन झाली असं समजू नका. घरातलं माणूस आलं की नाही हे आवाजावरून ठरवू नका. उठा, दारापर्यंत जा आणि त्याचं तोंड बघा. गंमत म्हणून दुसऱ्याच्या जागी उभे राहिलात, तर हसणं संपायच्या आत सांगून टाका, "मी होतो, तो नव्हता." सहाच्या आत सांगितलं असतं, तर पोराचा अंगठा वाचला असता. आठ वाजेपर्यंत आम्ही सगळेच खुशीत होतो, आणि त्यात सगळ्यांत जास्त खुशीत मी होते.