खुब्याची टोपी

पनवेलच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत विनिताचा जीव मेटाकुटीला आला. शेजारी तिचा नवरा, दयाराम, एका अंगावर भार टाकून कसाबसा बसला होता. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर ओढण्यात ह्या माणसाची उभी हयात गेली, आणि आता मेल्या खुब्यानं असा दगा दिला की ट्रेलरच्या केबिनमध्ये चढता येईना.

तरी हेका सुटला नव्हता. ऑपरेशन करीन तर टोपीवालंच! म्हणजे हिप रिसरफेसिंग. अख्खा सांधा बदलायचा नाही, मांडीच्या हाडाचा गोळा तासून त्यावर धातूची टोपी चढवायची. आपलं हाड आपल्यापाशी राहतं, कुणाकुणाला पुन्हा जड कामही करता येतं, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. पन्नाशीच्या आत घरी बसणं त्याला मरणासारखं वाटे.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी एक्स-रेचे फोटो बघितले. "दुखण्यावर काय घेत होता?"

विनिता पुढे सरसावली. "माणगावकडं हायवेला वैदू पाल टाकून बसतात ना, त्यांची जडीबुटीची पावडर. सगळे डायवर घेतात. सकाळ-संध्याकाळ दुधातून मीच देते. एक दिस चुकवला नाय." तिला वाटलं, बाई शाबासकी देतील.

बाईंनी फोटो बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "अशा पावडरीत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं दबतं, पण हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. तुमचा गोळा आतून मेलाय, खचलाय. टोपीला खाली जिवंत हाड लागतं. आता पूर्ण सांधाच बदलावा लागेल. चालाल, जिने चढाल. ट्रेलर मात्र विसरा."

बाहेर येताच विनिता भिंतीला टेकून रडायला लागली. "माज्या हातानं केलं मी ह्ये. आग लागो त्या दुधाला!"

"गप. मला ठाव होतं," बाकावर टेकत दयाराम म्हणाला.

"काय ठाव होतं?"

"बंदरातल्या आपल्या अनंता डायवरचे दोनी खुबे त्याच पावडरीनं गेले. त्यानं मला गेल्या सालीच सांगितलं. पण ती घेतल्याबिगर क्लचवर पाय पडत नव्हता."

"मंग मला का नाय सांगितलं?"

"तू दिली नसतीस."

विनिताला वाटलं, तिथंच एक थोबाडीत ठेवून द्यावी. वर्षभर हा माणूस तिच्याकडे बघत, हसत पेला रिकामा करायचा! पण आता भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. दयारामनं उठायला हात पुढे केला. तिनं डोळे पुसले, पदर खोचला, त्याला थोडा वेळ तसंच ताटकळत ठेवलं, आणि मग हात दिला.