तिच्या घरातला उन्हाळा

मला निवांतपणा हवा होता. तीन खोल्यांत पाच माणसं, आणि त्यात सासूबाईंचा आवाज असा की शेजारच्यांनाही आमच्या घरातलं सगळं बसल्या जागी कळावं. त्यामुळे दोन देशांतल्या दोन शाळांनी शिक्षिकांची अदलाबदल करायची टूम काढली, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर गेला तो माझा. सुट्टीभर मी तिकडे जायचं, तिकडची एक बाई आमच्याकडे येणार. एकमेकींच्या घरी राहायचं, सकाळी भाषा शिकायची आणि दुपारी सुट्टीच्या वर्गातल्या मुलांना शिकवायचं. "जा, तेवढीच हवापालट," आमचे हे म्हणाले. माझ्यावाचून यांचं कसं चालतं ते मला एकदा बघायचंच होतं.

तिचं घर बघून मी हरखलेच. सगळं जिथल्या तिथे. जेवणाच्या टेबलाशी एकच खुर्ची होती आणि तिच्या जोडीची दुसरी खिडकीशी, कुंड्या ठेवायला. निघायच्या आधी तिने फोनवर एवढंच सांगितलं होतं की स्वयंपाकघरातला रेडिओ वाटलं तर चालू ठेवा. मी आल्या आल्या तो बंद केला आणि कुणी हाक मारणार नाही या आनंदात ताणून दिली.

पहिला आठवडा असा मजेत गेला. मग रविवार आला. वर्ग नव्हता. दुपारी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून आपण तोंडातून शब्दही काढलेला नाही. "चहा टाकतेय गं," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "मलाही टाक," असं कुणी म्हणालं नाही. मला रडूच आलं. आयता एकांत मिळाल्यावर चहाच्या भांड्यापुढे रडत बसणारी मी एकटीच असेन.

मी रेडिओ लावला. सगळं कळत नव्हतं, पण माणसं बोलत होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून एका खेपेत आणायचं सामान मी चार खेपांत आणू लागले. साबण आणला की मीठ विसरायचं, मीठ आणलं की काडेपेटी. दुकानातली बाई एकदा हसत म्हणाली, "तुमच्या त्या बाईंचंही असंच. रोज काहीतरी राहतंच त्यांचं." मीही हसले. पण जिना चढताना मनात आलं, किती वर्षं ती असं मीठ विसरत असेल?

आमच्या घरी मात्र धमाल चालली होती. फोन लावला की पडद्यावर ती सासूबाईंना खेटून बसलेली, आणि माझी लेक तिला मावशी मावशी करतेय.

"गुणाची आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "मी कितीही बोलले तरी उलटून बोलत नाही."

"अहो आई, तिला तुमचं कळतच नाही."

"तेच तर म्हणते मी!"

सगळे हसले. ती सगळ्यांच्या मागून हसली आणि सगळ्यांचं हसून झालं तरी हसत राहिली.

"माझ्यावाचून अडतंय का काही?" मी यांना विचारलं.

"छे छे! तू अजिबात काळजी करू नकोस," हे म्हणाले. बिचारे मला धीर देत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फोन ठेवल्यावर भांडी दोनदा घासली.

सुट्टी संपत आली तेव्हा आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. अदलाबदल फारच छान चालली आहे, दोघींची तयारी असेल तर पुढचं अख्खं सत्र तशीच चालू ठेवता येईल. "त्यांचा होकार आलाय," बाई म्हणाल्या. "आता सगळं तुमच्यावर. तुम्ही परतलात तर त्यांना परतावं लागेल." यांना विचारलं तर म्हणाले, तुझं तू ठरव. नको गं, ये तू, एवढं म्हणायला काय जात होतं?

संध्याकाळी तिचाच फोन आला. माझ्या स्वयंपाकघरातून बोलत होती, आणि चक्क आमच्या भाषेत, एकेक शब्द जपून ठेवत. मागे माझी लेक आणि सासूबाई पंख्यावरून भांडत होत्या.

"ताई, मला इथे राहायचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही पण राहा ना तिकडे. शाळा चांगली आहे. घर शांत आहे."

मी त्या शांत घराकडे पाहिलं. रेडिओवर कुणीतरी उद्याचं हवामान सांगत होतं. हो म्हणावं असं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. एका सत्राचा तर प्रश्न होता.

"नाही हो," मी म्हणाले. "मला घरी यायचंय."

मागून सासूबाईंनी तिला जेवायला हाक मारली. "आले!" ती ओरडली, आणि तेवढा एक शब्द तिला अगदी आमच्यासारखा जमला. मग ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्या घरात राहिलात. तुम्हाला कळलं असेल ना?"

"कळलं," मी म्हणाले. "कळलं म्हणूनच येतेय."

सासूबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली, तरी तिने फोन ठेवला नाही, आणि माझ्यानेही ठेववला नाही.