आलेखातली उडी

मुकुलची पीएचडीची व्हायवा सोमवारी होती आणि मुलुंडच्या सोसायटीत त्याच्या आईने, पोरगा जर्मनीला चाललाय, हे केव्हाच जाहीर करून टाकलं होतं. त्याची उमेदीची वर्षं एका अतिवाहक धातूच्या कड्यावर गेली होती. कडं कसलं, केसापेक्षाही कितीतरी बारीक. ते द्रव हेलियमच्या थंडीत ठेवायचं, त्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या आणि परतणाऱ्या लहरींवरून शेजारच्या स्फटिकातलं चुंबकत्व ओळखायचं. मुकुलच्या आलेखात एक उडी दिसे, म्हणजे स्फटिकाचं चुंबकत्व अचानक बदलतंय असा तिचा अर्थ. त्या उडीवरच सगळा प्रबंध उभा होता.

शनिवारी दुपारी लॅबमधल्या त्याच्या ज्युनिअरने, गार्गीने, सहज म्हणून मायक्रोवेव्हची पॉवर कमी केली. उडी गायब. वाढवली, उडी हजर. म्हणजे स्फटिक बिचारा गप्पच होता, मायक्रोवेव्हने कडंच तापत होतं. हे तपासायचं दोघांच्या गाइड सरांनाही सुचलं नव्हतं. हवं ते दिसत असलं की कोण कशाला खोदत बसतंय!

तिने फोन केला तसा मुकुल धावत आला. आलेख दोनदा बघून तो खुर्चीत बसला.

"सरांना बोललीस?"

"अजून नाही. पण व्हायवाच्या आधी सांगायला पाहिजे ना रे."

"एका मोजणीवर कोण विश्वास ठेवणार? पुन्हा मोजून दाखवता आलं पाहिजे."

"मग दाखवू ना. उद्यापुरतं हेलियम आहे."

मुकुलने कडं नि स्फटिक बसवलेली दांडी हेलियमच्या टाकीतून बाहेर काढली. गार्गीला वाटलं, स्फटिक उतरवून बघणार असेल. त्याने दांडी खोलीच्या उबेला येऊ दिली आणि एका दमात परत हेलियमच्या टाकीत खुपसली. ती हळूहळू सोडायची, नाहीतर हेलियम उकळून जातं, हे गार्गीला त्यानेच शिकवलं होतं. व्हॉल्व्ह किंचाळला, पांढरा धूर छतापर्यंत गेला.

"वेडा झालास काय!"

"आता हेलियम पुढच्या महिन्यात येईल." मुकुल म्हणाला. "तोवर मी गेलेलो असेन. प्लीज यार, गार्गी."

तिला त्याचा संताप आला आणि कीवही आली. कीव जास्त आली, तिथेच तिची वाट लागली.

सोमवारी व्हायवाच्या आधी सरांनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "हेलियम उडालं म्हणे. शेवटची मोजणी तुझी ना? उडी दिसत होती?"

नवा शर्ट घातलेला मुकुल दारात उभा होता. तिच्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"दिसत होती, सर," गार्गी म्हणाली.

वाक्य अक्षरशः खरं होतं. सर समाधानाने हसून आत गेले, मागोमाग मुकुल गेला, आणि गार्गीला कळलं की हे खोटं आता त्याच्या एकट्याचं राहिलेलं नाही.