रुपेश घरी येतो तो सीन

रुपेशच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गावातली बरीच माणसं बोलली होती. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेक जण माइकसमोर उभा राहिला. मुलगा मनमिळाऊ होता, होतकरू होता, असं सगळ्यांनी सांगितलं. सरिता पांढरी साडी नेसून आईशेजारी बसली होती. तिला वाटलं, हे शब्द कुठल्याही गेलेल्या मुलाला चालले असते. तिचा भाऊ मनमिळाऊ नव्हताच. तो चिडका होता, उशिरा उठायचा, आणि हातात कॅमेरा असला की जेवायचं विसरायचा.

बाहेर चपला घालताना तिनं दुसरं बोलणंही ऐकलं. पुण्याला गेल्यापासून पोरानं घराकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याची आई बिचारी कमलाबाई एकटी राहिली, असं कोणी तरी हळू आवाजात म्हणत होतं.

म्हणून सरितानं लिहायला घेतलं. पुलगावला ज्युनिअर कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. पटकथा तिनं कधी लिहिली नव्हती. पण रुपेशचा मित्र अश्विन बोरगाव मेघेत राहायचा, लग्नांचं शूटिंग करायचा, कॅमेरा त्याचाच होता. पहिल्या स्मृतिदिनाला गावातच, नाचणगावच्या विहारात भाषणं ठेवायची नाहीत, छोटा पिक्चर दाखवायचा, असं दोघांनी ठरवलं. लोकांनी रुपेशला एकदा नीट ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

पहिला मसुदा वाचून अश्विननं कागद मांडीवर ठेवले.

"ताई, हे तर प्रॅक्टिकलचं जर्नल झालं. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान."

"जे झालं तेच लिहिलं आहे."

"तेच तर म्हणून राह्यलो मी."

झालं होतं ते असं. रुपेशनं फार्मसीचं शेवटचं वर्ष अर्ध्यात सोडलं आणि पुण्याला एका व्हिडिओवाल्याकडे कामाला गेला. आई अंगणवाडी सेविका. वडील गेल्यावर दोन्ही मुलांना तिनं एकटीनं शिकवलं होतं. ती रुपेशवर ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं त्याच्याशी बोलणं बंद केलं. गावात मात्र सांगत राहिली की कंपनीत लागला, सुटी भेटत नाही. दर रविवारी तो सरिताच्या फोनवर बोलायचा. सरिता स्पीकर लावायची. आई तिकडे पाठ करून तांदूळ निवडत असायची. ती ऐकते आहे हे त्याला ठाऊक असायचं, म्हणून तो जरा मोठ्यानं बोलायचा. इथल्या भाजीत पाणीच पाणी असते, ताई. मी लई वाळलो, ताई. आई सुपातले खडे बाजूला काढत राहायची. मग एका पहाटे हायवेवर एका टँकरनं त्याला उडवलं.

अश्विननं विचारलं, त्याला नेमकं काय पाहिजे होतं? आईनं बोलावं, सरिता म्हणाली. अश्विनचं म्हणणं असं की मग त्यासाठी तो धडपडताना दिसला पाहिजे. पाहणारा फोनमधल्या आवाजाच्या बाजूनं उभा राहत नाही. समोर माणूस लागतो, त्याचे हात दिसावे लागतात, त्याला एखादी साधी गोष्ट न जमताना पाहावं लागतं.

"त्याले घरी आण," तो म्हणाला.

"तो आला नाही, अश्विन."

"माहीत आहे ना मले. मीच त्याले म्हणत होतो, जाऊन ये लेका एकदा." अश्विननं मांडीवरचे कागद तिच्यापुढे सरकवले. "खरा नाई आला. पिक्चरमधला तरी येऊ दे."

ते लिहायला सरिताला बरेच दिवस लागले. घडलं नाही ते लिहिताना हात अडायचा. शेवटी तिनं लिहिलं ते इतकंच. दुपार. आई ओसरीवर अंबाडीची भाजी तोडत बसली आहे. मुलगा फाटक उघडून येतो, बॅग भिंतीला टेकवतो, आईसमोर बसतो. ती मान वर करत नाही. तो एक जुडी उचलून पानं तोडू लागतो आणि दांड्याही पानांतच टाकतो. आई काही न बोलता त्यातल्या दांड्या वेचून बाजूला ठेवते. तो पुन्हा टाकतो, ती पुन्हा वेचते. ढीग संपतो. तो उठतो, म्हणतो, "जातो मी." ती खाली पाहतच म्हणते, "जेवून जाजो."

शूटिंग सेलूला अश्विनच्या नातेवाइकांच्या घरी झालं. आईचं काम मोहिनी नावाच्या शिक्षिकेनं केलं, रुपेशचं रजत नावाच्या कॉलेजातल्या मुलानं. त्या शेवटच्या वाक्याला घरमालकीण दाराआड गेली आणि डोळे पुसून बाहेर आली. अश्विननं सरिताकडे पाहून नुसती मान हलवली. त्याचं बरोबर होतं, हे तिला मान्य करावं लागलं. रजत रुपेशसारखा दिसत नव्हता, तरी त्या ओसरीवर बसलेला मुलगा तिच्या मनातून जात नव्हता.

एका रविवारी अश्विन लॅपटॉप घेऊन नाचणगावला आला. आई बाजाराला पुलगावला गेली होती. ती परत यायच्या आत पाहून घ्यायचं असं ठरलं होतं. तिला हे आधी दाखवायचा सरिताचा विचार नव्हता. पण अंबाडीचा सीन चालू असतानाच मागे पिशवी टेकल्याचा आवाज झाला. आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. सीन संपला. मग अश्विन पाणी पिण्याचं निमित्त करून बाहेर अंगणात गेला.

आई सरिताजवळ येऊन बसली.

"तो आलता?"

सरिताला आधी प्रश्नच कळला नाही.

"मी घरी नसताना आलता ना? तू आपल्या मनानं मले त्यात बसवलं." आईचा आवाज अगदी हळू होता, पण ती भराभर बोलत होती. "तू लहानपणापासून खोटं बोलली नाई. मार खाल्ला, पण नाई बोलली. तू लेहिलं म्हणजे तो आला असंन. देवळीले मीटिंगले गेलती मी, तेव्हाच आला असंन. कुलूप पाहून गेला का तो?"

सरितानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. गेल्या वर्षभरात त्यावर असं काही दिसलं नव्हतं. 'हो' म्हणायला काहीच लागत नव्हतं. अश्विन बोलला नसता, आणि विचारायला दुसरं कोणी नव्हतं. पण उद्या आईनं तारीख विचारली असती. कोणत्या गाडीनं आला, पाणी पिला का, कुलपाला हात लावून पाहिला का, असं ती विचारत राहिली असती, आणि सरिता लिहीत राहिली असती.

"नाही आई," ती म्हणाली. "तो आला नव्हता. ते मी बनवलं."

"काऊन?"

"पाहणाऱ्यांना तो आपला वाटावा म्हणून."

आईनं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते. मग ती म्हणाली, "परत लाव."

सरितानं परत लावलं. मग तिसऱ्यांदाही लावलं. आता आई ओळखीच्या घरची मुलगी पाहायला आल्यासारखी बारकाईनं पाहत होती. तो असा मांडी घालून बसत नव्हता, ती म्हणाली, पाय पसरायचा. पण दांड्यांचं खरं आहे. त्याच्या हातचं काम दुसऱ्यांदाच करावं लागे. हे बोलताना ती थोडी हसलीसुद्धा. मग पडद्यावरची आई "जेवून जाजो" म्हणाली, आणि तिचं हसणं थांबलं.

"मी असं नसतं म्हटलं."

"मग काय म्हटलं असतं?"

बाहेर अश्विन उगाच गाडीचा आरसा पुसत होता.

"काहीच नाई," आई म्हणाली. "आला असता, बसला असता, तरी मीनं तोंड उघडलं नसतं. मले वाटे, अजून थोडं ताणू. कुठी जाते, येईनच. ते वाक्य काढून टाक."

सरितानं समजावून पाहिलं. लोक तुलाच नावं ठेवतील, ती म्हणाली.

"ठेवू दे. आता त्यालेच ठेवतेत. पोरगं मायले विसरलं म्हणतेत, मी ऐकत नाई का? मीनंच तसं सांगतलं, सुटी भेटत नाई म्हणून. तो नाई विसरला. मीनं येऊ नाई देलं."

आत आलेल्या अश्विनला हे पटेना. त्या वाक्यावरच तर पिक्चर उभा आहे, तो म्हणाला. ते गेलं की पाहणाऱ्याला आईचा राग येईल, आणि तिच्याबद्दल काहीच वाटणार नाही. "मावशी, विचार करा अजून."

"केला," आई म्हणाली, आणि बाजाराची पिशवी उचलून आत गेली.

स्मृतिदिनाच्या संध्याकाळी विहार भरला होता. वंदना झाली, पंचशील झालं, मग समोर पांढरा पडदा लागला. बाया पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या, आई त्यांच्यात मध्ये. समोरच्या घरच्या आनंदाबाईही आल्या होत्या. टीव्हीवरच्या सुनांनाही त्या सल्ले देत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

सुरुवातीला लोक हसले. पडद्यावरचा रुपेश फोनवर भाजीतल्या पाण्याबद्दल बोलला तेव्हा मागची पोरं म्हणाली, हा तर रुपेशच. मग अंबाडीचा सीन आला. मुलगा बसला, दांड्या टाकत राहिला, आई वेचत राहिली. तो उठला. "जातो मी," म्हणाला. मोहिनीनं मान वर केली नाही. तिचं वाक्य आता नव्हतं, आणि अश्विननं रजतला फाटकापाशी बराच वेळ उभं ठेवलं होतं.

"अवो, बोल ना त्याच्याशी," आनंदाबाई पडद्याकडे पाहून म्हणाल्या.

"पोरगं दारात उभं आहे, पाह्य तरी," आणखी कोणी म्हणालं.

"बाई आहे का धोंडा?"

भिंतीशी उभ्या असलेल्या सरिताला वाटलं, आताच्या आता प्रोजेक्टर बंद करावा. ती अश्विनकडे निघालीही. पण आई मांडीवर हात ठेवून सरळ समोर पाहत होती, आणि चारी बाजूंनी येणारं ते बोलणं ऐकत होती. सरिता जिथं होती तिथंच थांबली.

पडद्यावर मुलगा फाटक ओढून निघून गेला. सतरंजीवर नाकं ओढल्याचे आवाज आले. आनंदाबाई पदर तोंडाला लावून आईकडे झुकल्या.

"कशी माय असंन वो ती, कमलाबाई?"

"मीच आहो ते," आई म्हणाली.

आनंदाबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि तिच्याकडे पाहत राहिल्या. शेजारच्या दोघी-तिघी वळून पाहू लागल्या. मागच्या रांगांपर्यंत ते पोचलं नव्हतं. तिथं अजून कोणी तरी पडद्यावरच्या बाईला बोल लावत होतं. आई मागे वळली नाही, आणि तिनं कोणाला थांबवलंही नाही.