मदिनाबीच्या हंड्यावरचं गाळणं

मी एक जुनं गाळणं आहे. पण मित्रांनो, दुकानात टांगलेलं ते दांडीवालं प्लास्टिकचं गाळणं डोळ्यांसमोर आणू नका हं, त्याचा मला भारी राग येतो! मी कापडाचं आहे. मदिनाबी लग्न होऊन कुसगावच्या पुढच्या या तळ्याकाठी आली, तेव्हा तिच्या डोक्यावर पांढरी मलमलीची ओढणी होती. पुढे ओढणी विरली, पण तिचं एक टोक धडधाकट राहिलं. मदिनाबीनं ते कापलं, काठ दुमडून टाके घातले आणि हंड्याच्या तोंडावर बांधलं. ते टोक म्हणजे मी.

तळ्याचं पाणी रोज सकाळी माझ्यातून हंड्यात उतरायचं. माझ्यावर मागे राहायची एखादी गवताची काडी, शेवाळाचा धागा आणि पाणपिसवा. पाणपिसवा तुम्ही कशाला पाहिल्या असतील! तिळाहून बारीक आणि काचेसारख्या आरपार असतात त्या. पाण्यात टुणटुण उड्या मारत फिरतात, हिरवं शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवतात आणि स्वतः माशांच्या पिल्लांच्या पोटात जातात. मदिनाबीचा नवरा अल्लाबक्ष याच तळ्यात मासे धरून कार्ल्याच्या रस्त्यावर विकायचा. म्हणजे त्यांची चूल या चिमुरड्यांच्या जिवावरच पेटायची म्हणा ना.

पाणी गाळून झालं की मदिनाबी मला तळ्यात खळबळायची आणि म्हणायची, "जावा गं बायांनो आपल्या घरी. तुमाला बी जीव हाय."

पाहुणे पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "मदिनाबी, तुझ्या घरचं पाणी म्हंजी निव्वळ मोती!" तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा!

तळेगावच्या सरोजिनीबाई दर महिन्याला तळ्यावर यायच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. तळ्याचं पाणी घरी न्यायचं आणि त्यातल्या पाणपिसवा मोजायच्या, हे त्यांचं काम. पाण्यात काही विषारी मिसळलं की सगळ्यांच्या आधी पाणपिसवा मरतात, म्हणून तळ्याची तब्येत त्यांच्यावरून कळते. त्याच सुमारास वरच्या अंगाला एक रिसॉर्ट उभं राहत होतं आणि सांडपाणी तळ्यात सोडायची परवानगी मागत होतं. आमचं तळं जितंजागतं आहे, त्यात घाण सोडू नका, हे पुराव्यानिशी सांगणारं माणूस एकच होतं. गावाची सगळी भिस्त बाईंवर होती, पण त्या पाण्यात नेमकं काय मोजतात हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

नेमकं तेव्हाच बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्यांनी फोन केला, "मदिनाबी, मला काही येववत नाही. दर महिन्याला कॅनभर पाणी भरून तुमच्या गावातल्या प्रदीपच्या जीपमधून पाठवशील का गं?"

"येवढंच ना बाई? पाठिवते की!"

आणि इथंच घात झाला. मदिनाबीनं कॅन घासून लख्ख केला, त्याच्या तोंडावर मला चौपदरी बांधलं आणि वरून पाणी ओतलं. एवढ्या मोठ्या बाई, गावासाठी झटणाऱ्या. त्यांना न गाळलेलं पाणी धाडायचं? छे! तिच्या घरात असं कधी झालंच नव्हतं. पाणपिसवा माझ्यावर राहिल्या, तिथून परत तळ्यात गेल्या आणि नितळ पाणी तळेगावला गेलं. मला मात्र वाटलं, आज आपला केवढा मान!

तिकडे बाई हबकल्या. कॅनमध्ये एकही पाणपिसू नव्हती. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तळं मरायला लागलंय, ताबडतोब काहीतरी करा, असं त्यांनी कळवळून सरकारी कचेरीला कळवलं. कचेरीनं त्याचा उलटाच अर्थ काढला. तळं मेलंच आहे ना, मग सांडपाण्यानं आणखी काय बिघडणार? परवानगी मिळाली आणि पाइप तळ्यात उतरला.

हे सगळं मला कळलं ते बाई काठी टेकत स्वतः आल्या तेव्हा. सारी हकिगत त्यांनी सांगितली. मदिनाबीनं त्यांना खुर्ची दिली, पदरानं डोळे पुसले आणि सवयीनं कॅनवर मला बांधून तळ्याचं पाणी ओतायला घेतलं.

"हे काय करतेस?" बाई म्हणाल्या.

"गाळते की. दर टायमाला गाळूनच धाडते. तुमाला तसलं किड्यांचं पानी कसं देऊ?"

बाईंनी काठी बाजूला टाकली. त्यांनी मला ओढून घेतलं आणि पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घालून त्यात उलटं केलं. पाइप सुरू होऊन तोवर बरेच दिवस झाले होते. दोन-चार पाणपिसवा कशाबशा हलल्या, बाकीच्या तळाशी बसल्या.

"मदिनाबी, मी यांनाच शोधत होते गं!"

मदिनाबी ताटलीवर वाकली. "या अल्ला! म्हंजी माज्याच हातानं झालं?"

"नाही गं. पाणी कशाला हवंय, हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. चूक माझी आहे."

बाई पुन्हा कचेरीत गेल्या. खरं काय ते सांगितलं, हात जोडले. पुढच्या बैठकीत बघू, असं उत्तर मिळालं. बैठका झाल्या, पण पाइप जिथं होता तिथंच राहिला. तळं आधी गर्द हिरवं झालं, मग त्याला वास मारायला लागला. मासे उलटे होऊन तरंगले. अल्लाबक्ष आता त्याच रिसॉर्टमध्ये भांडी घासतो. प्यायला टँकर येतो आणि ते पाणी नव्या प्लास्टिकच्या गाळण्यातून गाळतात. मला खिळ्याला लटकवलेलं असतं. माझ्यावरचा हिरवा डाग कशानंही निघत नाही.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. माझ्यासारखी फडकी पन्नास मिळतील. पण गाळून जे बाजूला काढता, ते एकदा डोळे भरून बघा. आणि कुणी तुमच्याकडे काही मागितलं, तर कशाला हवंय तेही विचारा. आमच्या तळ्याला आता याचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे.

मदिनाबीला मात्र ते पटत नाही. रोज सकाळी ती मला खिळ्यावरून काढते, तांब्याभर तळ्याचं पाणी माझ्यातून ओतते, मला पांढऱ्या ताटलीत उलटं करते आणि कितीतरी वेळ वाकून बघत बसते. आज सकाळीही बसली होती. ताटलीत नुसता हिरवा गाळ होता, हलत काहीच नव्हतं.