गार्गीची साखर

गार्गीला साखरेचा आजार निघाला तेव्हा ती सहावीत होती. तिच्या आईने, सोनिकाने, दोन दिवस डोळे पुसले आणि तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला. सोनिका संगणकातली बाई. मानेवाड्याच्या घरात बसूनच एका कंपनीचं काम करायची. गार्गीच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर होता. तो दर पाच मिनिटांनी साखर मोजून दप्तरातल्या जुन्या फोनला कळवायचा. सोनिकाने असा प्रोग्राम लिहिला की तो आकडा फोनवरून थेट तिच्या स्क्रीनवर यावा, आणि सत्तरच्या खाली गेला की अलार्म वाजावा.

सेन्सर बदलायचं काम मात्र बापाचं. पोरीच्या दंडात सुई टोचलेली सोनिकाला बघवायची नाही, म्हणून विक्रम गार्गीला आतल्या खोलीत न्यायचा आणि लावून आणायचा.

गार्गी आठवीत गेली. यंदा दसरा झाला आणि साखरेचा आलेख एकाएकी सुधारला. ना चढ, ना उतार. डॉक्टर म्हणाले, "शाबास! दुपारचा इन्सुलिनचा डोस आहे तसाच राहू द्या." त्या दिवशी घरी येताना सोनिकाने पेढे घेतले. पेढे, साखरेच्या पोरीसाठी! आणि अर्धा अर्धा करून तिघांनी खाल्ले.

एकच कटकट होती. सकाळी बराच वेळ आकडेच यायचे नाहीत. सोनिकाने प्रोग्राम उसवून पुन्हा लिहिला, सर्व्हर बदलला, फोन बदलला. तरी तेच. कोराडीला नोकरीवर जायला निघालेला विक्रम बूट घालता घालता म्हणायचा, "किती डोकं खपवतेस वं! आकडे चांगले येऊन राहिले ना? बस झालं."

शिवाय रोज अकराच्या सुमाराला आकडा थोडा वर जायचा. "वर्गात चोरून काय खातेस?" म्हणून सोनिकाने गार्गीला दोनदा फैलावर घेतलं. पोरगी मान खाली घालून ऐकत राहिली.

त्या गुरुवारी दुपारी शाळेतून वर्गशिक्षिका अपेक्षा मॅडमचा फोन आला.

"गार्गी खो-खो खेळता खेळता खाली बसली. अंग कापून राहिलं तिचं, घाम फुटला. साखर कमी झाली का?"

सोनिकाने स्क्रीनकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव. सरळ रेष.

"नाही मॅडम, साखर एकदम बरोबर आहे. उन्हाचं झालं असेल. पाणी द्या. गोड काही देऊ नका."

पलीकडे खुडबुड झाली आणि फोनवर गार्गीचा जड, अडखळता आवाज आला. "आई, तो आकडा माझा नाही. बाबाचा हाय. मले ग्लुकोज देऊ दे."

सोनिकाला एवढंच म्हणता आलं, "द्या मॅडम, लवकर द्या."

स्कूटर कोणत्या रस्त्याने शाळेत पोचली ते तिला कळलं नाही. गार्गी बाकावर आडवी होती, ओठांवर ग्लुकोजची पांढरी पूड. सोनिकाने तिच्या बोटाला सुई टोचली. ग्लुकोज पोटात जाऊनही एकसष्ट. मग तिने बाही वर केली. दंडावरच्या सेन्सरची कड सुटली होती. नुसतं बोट लावताच तो हातात आला. कधीचा बंद पडलेला, चिकटपट्टीने चिकटवून ठेवलेला.

"काहून केलं असं?"

"मी एक तुकडा केक खाल्ला की तू वर्गात फोन करतेस. सगळ्यांसमोर." गार्गी छताकडे पाहत होती. "तू म्हणाली होतीस, अलार्म वाजला तरच पाहशील. तू तर दिवसभर पाहतेस. पोरं मले रिमोटवाली म्हणतात."

सोनिकाने तिच्या ओठांवरची पूड पुसली. आपण पाहत होतो हे खरंच होतं.

विक्रम संध्याकाळी आला तेव्हा सोनिका दारातच उभी होती. "बाही वर करा."

एवढ्या उकाड्यात महिनाभर अंगात असलेल्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाची बाही त्याने वर केली. सेन्सर तिथे होता. फोन त्याच्या डब्याच्या पिशवीत. सकाळी आकडे का तुटायचे ते आता कळलं. कोराडीच्या बसमध्ये रेंज जायची.

"आणि अकरा वाजता?"

"कँटीनचे तर्री-पोहे," तो हळूच म्हणाला.

"त्याच्यावरून मी तिले बोलली. तुम्ही समोर बसून ऐकलं."

"पोरगी रडून राहिली होती वं. म्हणे, मले शाळेत जायचंच नाही. आम्ही बोटाची चाचणी करत होतो, सकाळ-संध्याकाळ. बाथरूममध्ये. तुले सांगितलं असतं तर तू ऐकलं असतं?"

"मी पेढे आणले होते," सोनिका म्हणाली. "तुम्ही दोघांनी ते खाल्ले."

विक्रमने बाही खाली केली. बूट काढायचंही त्याला सुचलं नाही.

"आज मी त्या मॅडमले म्हटलं, गोड देऊ नका. माझ्या तोंडानं म्हटलं. पोरगी शुद्धीवर नसती तर?"

तो रडायला लागला. एरवी ती जवळ गेली असती. त्या दिवशी ती आत गेली आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेले. विक्रमनेच सगळं सांगितलं. डॉक्टर बापलेकीवर बरसले. दुपारचा डोस कमी केला. गार्गीच्या दंडावर नवा सेन्सर लावला आणि म्हणाले, यापुढे फोन गार्गीने स्वतः सांभाळायचा, वर्गात फोन करायचा नाही. सोनिकाने मान डोलावली. जे ठरेल ते तिला मंजूर होतं.

"घरी लक्ष कोण ठेवतं?" डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं.

विक्रम आणि गार्गी, दोघांनीही सवयीने सोनिकाकडे पाहिलं.

"यांनाच विचारा," ती म्हणाली, आणि बाहेर व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

थोड्या वेळाने गार्गी आली. शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर टेकली. हातातला फोन पाहून म्हणाली, "आई, एकशे बेचाळीस."

"खरंच?"

सोनिकाच्या तोंडून शब्द निघून गेला. गार्गीने फोन तिच्यापुढे धरला. सोनिकाने तो पाहिला, आणि तरीही तिची नजर पोरीच्या बाहीकडे गेली.